दीक्षा घेतली, भीतीचे काय?



आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कित्येक बौद्ध घरांतून आज एक विचित्र स्थिती दृष्टीस पडते. दीक्षा झालेली असते. देव्हारा काढलेला असतो. भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी असतात; मुलांना त्रिशरण-पंचशील तोंडपाठ असते. परंतु पिढ्यानपिढ्या चालत आलेले देवांचे टाक मात्र फडक्यात गुंडाळून जुन्या पेटीच्या तळाशी ठेवलेले असतात. त्यांची पूजा कोणी करीत नाही. ते टाकून द्यावयास हात धजत नाही, एवढेच. मूल तापाने फणफणले, विहिरीला पाणी लागले नाही, मुलीचे लग्न जमता जमता मोडले, की त्या पेटीची आठवण होते. मग घरातील कोणीतरी हलक्या आवाजात म्हणते, "तुळजापूरचे नाही तरी येरमाळ्याचे तेवढे करून टाका. आपले राहिले आहे."

या कुटुंबांना हसणे सोपे आहे, आणि आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी हसतातही. मला ते योग्य वाटत नाही. ज्या वस्तीत दवाखाना कधी पोहोचला नाही आणि देवऋषी मात्र हाकेच्या अंतरावर होता, त्या वस्तीच्या मनातील भय एका दिवसाच्या समारंभाने कसे जावे? परंतु न हसणे म्हणजे प्रश्न झाकून ठेवणेही नव्हे. देव्हारा काढणे हे दीक्षेचे बाह्य अंग झाले. वडिलांनी सांगितले म्हणून मानले, गाव म्हणते म्हणून मानले, न मानल्यास वाईट होईल म्हणून मानले, ही जी मानण्याची रीत, ती तशीच राहिली तर तसबीर तेवढी बदलली, माणूस होता तेथेच राहिला.

मी व्यवसायाने वकील आहे, तेव्हा माझ्या व्यवसायातीलच एक दाखला देतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि सांगतो, "प्रतिवादीने बांध फोडला, असे मला गावात समजले." लगेच समोरचा वकील हरकत घेतो. काही मोजके अपवाद सोडले तर तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, हा 1872 च्या पुरावा कायद्याचा दंडक होता. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तरी दंडक तोच आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याने यावे, शपथेवर सांगावे आणि उलटतपासणीस उभे राहावे. दहा गुंठ्यांच्या बांधासाठी आपण एवढा कडक पुरावा मागतो. मग "अमक्याने देवीचे केले नाही, त्याचे घर बसले" ही गोष्ट आपण कोणाच्या साक्षीवर मान्य करतो? सांगणाऱ्याने ती पाहिलेली नसते. त्याने ती ऐकलेली असते आणि त्याला सांगणाऱ्यानेही ऐकलेलीच असते. नवस फेडूनही ज्यांची घरे बसली, आणि नवस बुडवूनही ज्यांची भरभराट झाली, त्यांना साक्षीला कोणी बोलावीतच नाही. एका बाजूचेच साक्षीदार तपासून निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला आपण काय म्हणू?

तथागतांनी ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवली. कोसल देशातील केसपुत्त या गावी कालाम लोक राहत. त्यांच्याकडे नाना पंथांचे आचार्य येत, आपापले मत थोर म्हणत आणि दुसऱ्याचे तुच्छ ठरवीत. खरे कोणाचे मानावे, असे कालामांनी विचारले तेव्हा तथागतांनी "माझे माना" असे सांगितले नाही. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, नुसत्या तर्काला पटते म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून, काहीही स्वीकारू नका, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि "मनाला येईल ते मानावे" असा अर्थ काढतात. तो खोटा आहे. कोणत्या गोष्टीतून लोभ, द्वेष आणि मोह वाढतो व माणसाचे अहित होते, आणि कोणत्या गोष्टीतून हित होते, हे स्वतः पाहा, सुज्ञ माणसे काय म्हणतात तेही पाहा, आणि मग स्वीकारा किंवा टाका, असा तो पुढचा भाग आहे. तेथे मन मानेल तसे वागण्याची सवलत नाही. उलट तपासण्याची मेहनत आपल्या माथी येते.

ही मेहनत न केल्यास काय होते, ते आपल्या जिल्ह्याने एकदा पाहिले आहे. 29 सप्टेंबर 1993 रोजी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा झोपले, आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्याकडील सास्तूर व आसपासची कितीतरी गावे क्षणार्धात जमीनदोस्त झाली. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. त्या दिवसांत मोठ्या माणसांच्या तोंडून जी कारणे ऐकली ती आजही माझ्या कानांत आहेत. कोणी म्हणे देवीचा कोप झाला, कोणी म्हणे पाप वाढले, कोणी म्हणे कोठेतरी विटाळ झाला असेल. हा शेवटचा शब्द कोणाकडे बोट दाखवून उच्चारला जातो, ते आपणांस मी सांगावयास नको.

आता पुरावा पाहा. या भागातील घरांच्या भिंती दोन-दोन हात जाड, दगडमातीच्या. दगड मातीच्या गाऱ्यात बसविलेले, भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंफलेला नाही. वर लाकडी माळवद, आणि माळवदावर उन्हापावसाच्या बचावासाठी वर्षानुवर्षे चढविलेले मातीचे थर. धरणी हलली तेव्हा भिंती फुटल्या आणि ते सारे ओझे निजलेल्या माणसांवर आले. याच गावांतून गवती छपरांची आणि कुडाची हलकी घरे पुष्कळ तगली. देवीचा कोप असता तर तो भिंतीची जात पाहून कसा पडला? गरिबाच्या खोपटावर देवीने दया केली असे कोणी म्हणेल, तर वाड्यात सालाने राबणाऱ्या गड्याचे आणि पाळण्यातील तान्ह्या मुलाचे पाप कोणते होते, तेही त्याने सांगावे.

याच प्रदेशात 1992 च्या हिवाळ्यापूर्वीपासून लहान धक्के बसत होते. त्यांचा अर्थ देवाला विचारण्याऐवजी आपल्या भिंतींना विचारला असता, तर काही माणसे खचित वाचली असती. आणि मी केवळ खेडुतांना दोष देत नाही. त्या वेळच्या शासकीय नकाशातही हा प्रदेश भूकंपाचे सर्वांत कमी भय असलेल्या पहिल्या विभागात दाखविलेला होता. तो नकाशा चुकला. परंतु चूक दिसल्यावर तो तपासला गेला, 2002 च्या सुधारणेत पहिला विभाग पार काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा प्रदेश तिसऱ्या विभागात गेला. नव्या गावठाणांतील घरांच्या भिंतींना आडवे पट्टे आले. कोपाच्या कथेत मात्र तेव्हापासून आजवर एका अक्षराची सुधारणा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

येथे एक जुना प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला. गांधीजींनी तेव्हा म्हटले की, हे अस्पृश्यतेच्या पापाचे ईश्वरी शासन आहे. आपल्यापैकी कोणालाही हे विधान क्षणभर गोड वाटेल. आपल्या पूर्वजांच्या छळासाठी सवर्णांना देवाने दंड केला, यापरते समाधान कोणते? परंतु रवींद्रनाथ टागोरांनी, अस्पृश्यतेला त्यांचाही विरोध असताना, या विधानाचा जाहीर निषेध केला. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, हे त्यांचे म्हणणे होते. आणि गांधीजींनीही तो निषेध 'हरिजन' पत्रात छापला, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. वाचकहो, विचार करा: आज जो देव अस्पृश्यतेसाठी भूकंप करतो असे आपण मान्य केले, तोच देव उद्या विटाळासाठी भूकंप करतो असे म्हणणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने अडविणार? आपल्या बाजूची खोटी साक्षदेखील खोटीच.

म्हणून हा नियम आपल्या घरच्या समजुतींनाही लागू करा. आपल्या जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे सातवाहनकालीन मोठे व्यापारी नगर होते; पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. तेथील उत्खननात बौद्ध अवशेष मिळाले आहेत. तेथील विटांचे, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेले त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. काहींचे मत निराळे आहे. याचा आपणांस अभिमान वाटावा. परंतु तेरचा आधार घेऊन जिल्ह्यातील प्रत्येक देऊळ पूर्वी विहारच होते असे सभेत ठोकून देणारे वक्तेही मी ऐकले आहेत. वीट दाखवा, शिलालेख दाखवा, असे त्यांना विचारणारा श्रोता उठला पाहिजे.

तसेच परित्राणपाठानंतर मनगटात बांधलेल्या पांढऱ्या धाग्याचे. सर्वांनी एकत्र बसून मंगल इच्छिणे चांगले आहे. पण त्या धाग्याने ताप उतरेल असे आपण मानू लागलो, तर गंड्यादोऱ्याचा रंग तेवढा बदलला. बावीस प्रतिज्ञांविषयीही एका तरुणाने मला टोचून विचारले होते, की एक यादी टाकून आपण दुसरी यादीच घेतली ना? त्याचा प्रश्न मला आवडला. प्रतिज्ञा ही जाणत्या माणसाने स्वतःच्या आचरणाबद्दल स्वतः घातलेली अट असते. ती का घातली हे त्याला सांगता आले पाहिजे. ज्या घरात मुले त्या घोकतात आणि एकीचाही अर्थ विचारीत नाहीत, त्या घरात त्या तरुणाचा आक्षेप खरा ठरतो.

वारशाने आलेली प्रत्येक वस्तू ठेवण्याजोगी नसते, हे आपल्या समाजाला तरी सांगावे लागू नये. फेब्रुवारी 1941 मध्ये बाबासाहेब आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. महारवतन हाही वारसाच होता. पुष्कळांना तो मानाचा वाटे. बाबासाहेबांनी 1928 मध्येच त्याविरुद्ध मुंबई कौन्सिलात विधेयक आणले होते, आणि कायद्याने ती वतने नाहीशी होण्यास 1958 साल उजाडावे लागले. गुलामीला हक्क समजण्याची सवय तुटावयास इतकी वर्षे लागली.

कायदा आपल्या पाठीशी कितपत आहे? संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने धर्माचरणाच्या स्वातंत्र्याच्याही आधी सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे, हा क्रम लक्षात ठेवा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. सर्पदंश झालेल्याला पारावर नेऊन बसविणारे कोणी दिसले, तर आधी गाडी करून त्याला सरकारी दवाखान्यात न्या. फिर्याद मागाहून द्या. परंतु मनातील भयावर कोणताही फौजदार छापा घालू शकत नाही. ते काम घरातच करावे लागते.

आणि तेथे आपले तरुण एक अन्याय करतात. दीक्षा घेऊन आल्याबरोबर ते आईवर, बायकोवर हुकूम सोडतात: आजपासून उपवास बंद, देवीचे नाव काढावयाचे नाही. संविधानाने दिलेली ती सद्सद्विवेकबुद्धी त्या माउलीलाही दिली आहे. नवऱ्याच्या धाकाने देवी धरणारी बाई मुलाच्या धाकाने देवी सोडते, यात तिने स्वतः विचार कोठे केला? तिच्याजवळ बसा. तिला विचारा, आई, तुला भय कशाचे वाटते? बहुधा ती एखाद्या गेलेल्या मुलाची गोष्ट सांगेल. त्या साली परडी भरावयाची राहिली आणि हगवण लागून पोर गेले, असे ती सांगेल. ते तिने डोळ्यांनी पाहिलेले आहे. ती साक्ष मान देऊन ऐका, मध्ये बोलू नका. तिचे बोलून झाल्यावर हळूच पुढचे विचारा: त्या साली वस्तीतील आणखी कोणाची पोरे गेली? त्यांच्या आयांनी परडी भरली होती की नाही? आणि पाणी कोठून आणत होतो आपण? गावच्या विहिरीवर आपल्याला चढू देत होते काय?