टांकसाळीची खूण म्हणजे किमतीची चिठ्ठी नव्हे

१/ जुन्या अमेरिकी डॉलरवरचे एखादे इवलेसे अक्षर दाखवून ‘हे सापडले तर लखपती झालात’ असे सांगणाऱ्यांचे सध्या पीक आले आहे. हा दावा उथळ तर आहेच, शिवाय इतिहासाच्या कसोटीवर तो खोटा ठरतो. कसा, ते या धाग्यात पाहू.

२/ प्रथम खूण शोधू. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेला चांदीचा ‘मॉर्गन डॉलर’ घ्या. मागील बाजूस गरुड व त्याखाली पानांची माळ आहे. माळेच्या गाठीखाली, ‘डॉलर’ या शब्दाच्या वर भिंग धरा. ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘सीसी’ म्हणजे कार्सन सिटी. ‘डी’, म्हणजे डेन्व्हर, फक्त १९२१ च्या नाण्यांवर.

३/ अक्षरच नसेल तर? नाणे फिलाडेल्फियाचे. या मुख्य टांकसाळीने डॉलरवर आपले ‘पी’ उमटवले ते थेट १९७९ मध्ये. म्हणून ‘खूण नसलेले दुर्मीळ नाणे’ ही जाहिरात दिसली की सावध व्हा.

४/ ही अक्षरे संग्राहकांसाठी नव्हती. सर्व टांकसाळींच्या नाण्यांचे नमुने दरवर्षी फिलाडेल्फियात तपासले जात. वजन वा कस कमी भरला तर जाब कोणाला विचारायचा, हे अक्षर सांगे. ती उत्तरदायित्वाची मुद्रा होती.

५/ ‘सीसी’ मागे तर एक अख्खे राजकारण आहे. नेवाडातील कॉमस्टॉक खाणींतून चांदीचा पूर आला, खाणींजवळच १८७० मध्ये टांकसाळ सुरू झाली. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारला दरमहा किमान २० लाख डॉलरची चांदी घेऊन नाणी पाडणे भाग पडले. व्यवहाराला नको असलेले डॉलर तिजोऱ्यांत साचत गेले.

६/ आता मूळ मुद्दा. ‘कमी पाडली म्हणजे दुर्मीळ’ हे समीकरण तपासा. कार्सन सिटीने १८८५ मध्ये २,२८,००० डॉलर पाडले, १८८९ मध्ये ३,५०,०००. तरीही आज दुर्मीळ आहे ते १८८९ चे नाणे. कारण १८८५ ची निम्म्याहून अधिक नाणी सरकारी तिजोरीत न वापरता पडून होती. १९७० च्या दशकात ती विकली गेली.

७/ १९०३ चा ‘ओ’ डॉलर हे दुसरे उदाहरण. तो मॉर्गन डॉलरांतील अतिदुर्मीळ मानला जाई. १९६२ च्या अखेरीस तिजोरीतून त्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला. नाण्यावरचे अक्षर मात्र तेच राहिले.

८/ आणि उरलेली नाणी कुठे गेली? १९१८ च्या पिटमन कायद्याने २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. त्यातील बहुतांश चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानातील रुपयांच्या टंचाईसाठी! कोणत्या वर्षाची, कोणत्या टांकसाळीची नाणी मुशीत गेली, याची नोंदच ठेवली गेली नाही. आपल्या पणजोबांच्या कनवटीच्या रुपयात एखादा ‘सीसी’ विरघळलेला असू शकतो.

९/ कोणी म्हणेल, किमतीच्या मोहाने का होईना, तरुण नाण्यांकडे वळतात. वळतात खरे, पण त्याच मोहावर बनावटकार जगतात. १८९३ च्या साध्या फिलाडेल्फिया डॉलरवर ‘एस’ चिकटवून तो लाखमोलाचा म्हणून खपवला जातो. ज्याला केवळ अक्षर ठाऊक आहे, तो फसतो.

१०/ खूण हा नाण्याचा जन्मदाखला आहे. पुढे ते नाणे तिजोरीत निजले, मुशीत गेले की बाजारात झिजले, हे दाखल्यावर लिहिलेले नसते. ते कायदे, खाणी आणि खजिन्याच्या हिशेबांत शोधावे लागते. तो शोध घेण्याची तयारी असेल तरच भिंग हाती घ्या.