परवलीचा शब्द आणि भरपाईची जबाबदारी

डिजिटल व्यवहारांतील ओळख-पडताळणीसंबंधी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये निर्देश काढले व ते १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरवले. त्यांची चर्चा 'ओटीपी जाणार की राहणार' एवढ्यापुरतीच झाली. वस्तुतः ओटीपीवर बंदी नाही. त्याला पर्याय तेवढे खुले झाले. महत्त्वाचे कलम निराळेच आहे. हे निर्देश न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झाल्यास ते ग्राहकाला पूर्णपणे भरून देण्याचे दायित्व कार्ड वा खाते देणाऱ्या संस्थेवर आले आहे.

आजवरचा कल याच्या उलट होता. एकाच संगणकावर अनेकांना काम करता यावे म्हणून अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६०च्या दशकारंभी परवलीच्या शब्दाची योजना केली. १९६२ मध्ये तेथल्याच ॲलन शेर या संशोधकाने सर्वांचे शब्द असलेली फाइल छापून घेतली. कारण काय, तर त्याला वाटून दिलेला यंत्राचा वेळ पुरत नव्हता! म्हणजे पहिली चोरी झाली ती कोणा वापरणाऱ्याच्या गाफीलपणामुळे नव्हे, तर कोठारच उघडे असल्यामुळे. मूळ शब्द साठवूच नये, त्यात प्रत्येकासाठी वेगळा आकडा मिसळून उलट फिरवता न येणारे गणिती रूप तेवढे ठेवावे, हा उपाय रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्येच प्रसिद्ध केला. तरीही २०१२ मध्ये लिंक्डइनमधून चोरीस गेलेल्या शब्दांत असे काही मिसळलेले नव्हते. अकरा कोटींहून अधिक खाती त्यात सापडल्याचे २०१६ मध्ये उघड झाले.

उपदेश मात्र सदैव वापरणाऱ्याला! शब्दात मोठे अक्षर हवे, अंक हवा, चिन्ह हवे, तो ठराविक मुदतीने बदलावा, ही शिस्त २००३ च्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेने रूढ केली. माणसे त्याच शब्दापुढे १, २, ३ लावू लागली, किंवा चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवू लागली. त्याच संस्थेने २०१७ मध्ये सक्तीच्या बदलाचा आग्रह सोडला आणि शब्दाच्या लांबीला महत्त्व दिले. अनेक कचेऱ्यांपर्यंत ही वार्ता अद्याप पोचलेली दिसत नाही.

कार्डाने दूरस्थ खरेदी करताना दुसरी पडताळणी भारतात २००९ मध्ये आली. तिचा लाभ नाकारता येणार नाही. तथापि ओटीपीचा सारा डोलारा मोबाइल क्रमांकावर उभा आहे, आणि बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. रिचार्ज करावयाचे राहून गेलेल्या निवृत्त शिक्षकाची ओळख अशा वेळी परक्याच्या हाती जाते.

नव्या कलमाचा आधारही सर्वांना सारखा मिळणार नाही. निर्देश पाळले गेले की नाही, हे दाखविणाऱ्या नोंदी बँकेपाशीच असतात. आणि भामट्याच्या बोलण्याला भुलून ज्याने स्वतःच आकडे सांगितले, त्याच्या बाबतीत तर पडताळणी कागदोपत्री बिनचूक ठरेल.