फिरता दवाखाना येऊन गेला. पुढची तारीख कोणती?

खानापूर : भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव अशा गावांकडे पाऊस ओसरला की आरोग्य शिबिराच्या गाड्या वळतात. शहरातले डॉक्टर, नर्सिंगचे विद्यार्थी, मंडळाचे कार्यकर्ते रविवार मोडून येतात. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून रक्तदाब, साखर तपासतात, गोळ्या देतात. त्यांच्या सेवाभावाबद्दल कुणाची तक्रार नाही. प्रश्न आहे तो गाडी परत गेल्यानंतरचा.

रक्तदाबाची गोळी रोज लागते. शिबिरात मिळते ती पंधरा दिवसांची, फार तर महिन्याची. ती संपली की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून माणूस गप्प बसतो आणि एक दिवस लकवा मारतो. नुसता आजार सापडला म्हणजे उपचार झाले, असं होत नाही.

दुसरी अडचण वेळेची. खरी गरज जून ते सप्टेंबरात असते. नाले भरलेले, कच्चा रस्ता चिखलात, फोनला रेंज नाही, मग १०८ ला कळवायचं कसं? जुलै २०२४ मध्ये आमगावच्या आजारी महिलेला गावकऱ्यांनी भर पावसात तिरडीसारखं स्ट्रेचर बांधून खांद्यावरून आणलं. त्यानंतर स्थलांतराच्या चर्चेला वेग आला. २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना भरपाईचे धनादेशही मिळाले. राहायचं की जायचं, हे ज्या त्या गावानं ठरवावं. पण तोवर ताप, बाळंतपण, सर्पदंश थांबत नाहीत.

सरकारी निकषही या गावांना पुरत नाही. डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, २० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. काही डझन घरांची वाडी या हिशेबात बसणार कधी? महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यावरून दोन राज्यांत वाद झाला. योजनेने ऑपरेशनचा खर्च भागेल, पण कार्ड काही नाला ओलांडून देत नाही.

म्हणून इथे फिरतं पथक हवंच, पण ठरलेल्या दिवशी येणारं. तपासलेल्यांची यादी त्याच दिवशी आरोग्य केंद्राला आणि आशाताईंना द्यावी. मे महिन्यात नेहमीच्या रुग्णांची चार महिन्यांची औषधं गावात पोचवावीत. पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या बायकांना आधीच रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे हलवावं. कन्नड चिठ्ठी मराठीत समजावून सांगणारा एखादा स्वयंसेवक सोबत असला तरी निम्मं काम होतं.

शिबिराच्या बातमीत किती जणांची तपासणी झाली, हा आकडा हमखास असतो. त्यातले किती जण दुसऱ्यांदा तपासले, हेही आयोजकांनी सांगायला हवं.