आधी त्वचा, मग प्लेटलेट

प्लेटलेटयुक्त उपचारांना जळीत कक्षात स्थान मिळावे, पण केवळ नोंदणीकृत चाचणीच्या चौकटीत आणि रुग्णाकडून एक पैसाही न घेता, असे आमचे ठाम मत आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांकरोटा येथे गॅस टँकर पेटला आणि सवाई मानसिंह रुग्णालयात होरपळलेल्यांची रांग लागली. अशा घटकेला नातेवाईक कोणत्याही आशेची किंमत मोजतात.

रुग्णाच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट जखमेत वाढीला चालना देणारे घटक सोडतात, हे खरे. परंतु नेदरलँड्समध्ये ५२ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांच्यामुळे रोपलेली त्वचा अधिक चांगली धरल्याचे दिसले नाही. शिवाय मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट पहिल्या काही दिवसांत घटतात. ज्याला गरज सर्वाधिक, त्याच्याच अंगातून रक्त काढायचे कसे?

आम्हाला धास्ती आहे ती विलंबाची. या उपचारावर विसंबून मृत त्वचा काढणे आणि त्वचारोपण लांबले, तर जंतुसंसर्ग रुग्णाचा जीव घेऊ शकतो.

त्वचारोपणासाठी दान केलेली त्वचा साठवणाऱ्या शीव रुग्णालय आणि ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर यांच्या त्वचापेढ्या महाराष्ट्रात आहेत. त्वचादान मात्र तोकडे पडते. राजस्थान आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी आधी त्वचापेढ्यांना निधी द्यावा आणि चाचणीबाहेर जळीत रुग्णांना प्लेटलेट उपचार विकण्यास तातडीने मनाई करावी.