वेदनेची नोंद कोण ठेवणार?

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. त्यांत १६ बालके होती. औषधांचा तुटवडा, खाटांहून अधिक रुग्ण, रिक्त पदे या सर्वांची राज्यभर चर्चा झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. ते आवश्यकच होते. परंतु ज्याची बातमी होत नाही असा आणखी एक मृत्यू मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत घडत असतो. कर्करोग हाताबाहेर गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना ‘आता घरी घेऊन जा, हवे ते खाऊ घाला’ असे सांगितले जाते. केसपेपरवरील नोंद तेथे थांबते. त्यानंतर तो माणूस आठवडे, कधी महिने जगतो, आणि ते दिवस त्याने कसे काढले हे कोणत्याही कागदावर येत नाही.

आपल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडणाऱ्या नांदेड व लातूर या जिल्ह्यांपुरता हा प्रश्न आम्ही येथे मांडत आहोत. उपचाराची सोयच नाही, असे म्हणता येणार नाही. लातुरात १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केलेले विवेकानंद रुग्णालय आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आणि तपोवन एक्स्प्रेसने सुमारे ६०० किलोमीटर प्रवास करून मुंबईचे टाटा रुग्णालय गाठणारेही पुष्कळ आहेत. पण रोग बरा होणार नाही असे ठरल्यावर हा प्रवास उलटा सुरू होतो, आणि त्या परतीच्या वाटेवर सोबत करणारे फार थोडे असतात. रोग बरा होत नसला तरी रोग्याला बरे वाटावे, यासाठीच्या शास्त्राला पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक शुश्रूषा, असे म्हणतात.

संशोधन आपल्या भागाला नवीन नाही. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली. लातूरला लागून असलेल्या तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली चाचणीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, हा त्याचा २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर अभ्यासला गेला. (तुलनेसाठीच्या गटाला चाचणी न दिल्यावरून नैतिक वादही झाला, आणि तो रास्त होता.) रोग शोधण्यासाठी गावोगाव फिरण्याची ही चिकाटी आपल्या मातीत दिसून आली. रोगाने गाठलेल्या स्त्रीच्या अखेरच्या सहा महिन्यांसाठी ती कोण दाखवणार?

या शास्त्राचा उगमच मुळी रुग्णाच्या उशापाशी झाला. डॉ. सिसिली साँडर्स प्रथम परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. लंडनच्या हॅकनी भागात धर्मभगिनी चालवीत असलेल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी १९५८ पासून हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. दुखू लागल्यावर औषध देण्याऐवजी ते दर चार तासांनी, दुखण्याआधीच दिले तर रुग्ण शुद्धीवर राहून आप्तांशी बोलू शकतो, हे या नोंदींतून सिद्ध झाले. वेदना शरीराची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची अशी एकत्र असते, हा त्यांचा विचार. १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस स्थापन केले. आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या वांद्रे येथे डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केले. तेथेही शुश्रूषेची धुरा धर्मभगिनींनीच वाहिली.

समग्र शुश्रूषा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगता येईल. तंबाखू आणि गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार. जखम फुटते, तिला दुर्गंधी सुटते. घरचे जेवणाचे ताट दूर बसून देऊ लागतात, नातवंडांना जवळ येऊ दिले जात नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने परिचारिका ती जखम धुऊन तिच्यावर मेट्रोनिडाझोलची पूड घालते आणि काही दिवसांत दुर्गंधी कमी होते. औषध स्वस्त आहे. पण नातू पुन्हा आजोबांच्या खाटेवर येऊन बसतो, तेव्हा शरीर, मन आणि घर या तिन्हींवर एकदमच उपचार झालेला असतो.

आमच्या मते, परिचर्या महाविद्यालयांतील संशोधन येथेच वळले पाहिजे. आज ‘परिचारिकांचे ज्ञान किती’ हे प्रश्नावलीने मोजणारे प्रबंध बहुधा लिहिले जातात. रुग्णाला आराम किती पडला हे मोजणारे थोडे. वेदना शून्य ते दहा आकड्यांत सांगा, असे मुखेडच्या आजीला विचारले तर ती गोंधळेल. आठ आणे की बारा आणे, असे विचारले तर उत्तर मिळेल. ठणका, कळ, आग, चमक, मुंग्या हे शब्द तर आपल्या भाषेने आयतेच दिले आहेत. आग, चमक, मुंग्या हे वर्णन बऱ्याचदा मज्जातंतूंच्या दुखण्याकडे बोट दाखवते. त्याला केवळ मॉर्फिन पुरत नाही, वेगळे औषध जोडावे लागते. या शब्दांची पद्धतशीर नोंद नांदेड-लातूरच्या परिचारिकांनी ठेवली, तर ते संशोधन परदेशी प्रश्नावलीच्या भाषांतरापेक्षा अधिक मोलाचे ठरेल.

औषधाचा अडथळाही आहेच. मॉर्फिन ज्या अफूपासून मिळते, ती मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने पिकते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर रुग्णालयांना परवान्यांसाठी अनेक खात्यांचे उंबरठे झिजवावे लागत. २०१४ च्या दुरुस्तीने ते सोपे झाले. मान्यताप्राप्त संस्थेला आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. मनातली भीती मात्र कायद्याने जात नाही. ‘सवय लागेल’ म्हणून मरणासन्न माणसाला गोळी नाकारली जाते. आपल्यापैकी काहींना वाटते की, वेदना सोसणे हाच ख्रिस्ती मार्ग. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले होते की, वेदना शमविण्यासाठी औषध देणे उचित आहे, दुसरा उपाय नसेल तर त्याने आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरीही. येथे हेतू वेदना थांबविण्याचा असतो, जीव घेण्याचा नसतो.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात उपशामक शुश्रूषेला स्थान दिले आहे. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, सेवांतही तिचा समावेश आहे. पण अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी हा निकष आणि प्रत्यक्ष वॉर्ड यांची तुलना वाचकांनीच करावी. संपूर्ण वॉर्ड सांभाळणारी सिस्टर दर चार तासांनी वेदना किती हे कधी विचारणार?

चांगल्या शोमरोनीचा दाखला ऐकताना आपण सरायवाल्याला विसरतो. शोमरोनी दुसऱ्या दिवशी पुढे गेला; कूस बदलणे, पाणी पाजणे, जखम बांधणे हे पुढचे सारे त्या अनामिकाने केले. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील मुखेड, कंधार, जळकोट या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे निघून जातात आणि घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध उरतात. होळीपर्यंत त्यांची कूस कोण बदलणार, गोळीची वेळ कोण पाळणार? धर्मग्रामातील दोन-तीन जणांनी नजीकच्या आरोग्य मंदिरातील परिचारिकेकडून जखम धुणे, कूस बदलणे आणि वहीत वेदनेची नोंद ठेवणे एवढे शिकून घेतले, तर येत्या हंगामापासूनच आरंभ करता येईल. ती वही पुढे एखाद्या परिचर्या महाविद्यालयाच्या हाती द्यावी.