डेटा पोहोचला, पण हिशेब जुळला का?

सर्व्हर बदलायच्या निविदेत एक ओळ हमखास असते: ‘जुना डेटा नव्या सर्व्हरवर हलवून देणे’. सहकारी बँक असो, रुग्णालय असो की नगरपालिका, या कामाची बोळवण त्या एका ओळीतच होते. डेटाबेस सांभाळणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे आणि माझं ठाम मत आहे की पुढच्या बऱ्याच गोंधळाचं मूळ या ओळीत असतं. डेटा हलवणं आणि डेटा सोपवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण पैसे मोजतो ते पहिल्याचे.

जुना सर्व्हर जिल्ह्याच्या गावी मुख्य कार्यालयात, नवा नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, आणि सुरक्षेसाठी दोघांमध्ये थेट जोडणी नाही, असं अनेकदा असतं. जोडणी दिली तरी १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालून १० टीबी डेटा जायला नऊ दिवसांहून अधिक लागतात. म्हणून डिस्क गाडीने न्यावी लागते. साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १५० एमबी या वेगाने तेवढा डेटा उतरवायलाच साडेअठरा तास जातात, आणि तिकडे पोहोचल्यावर तो पुन्हा वाचून घ्यायचा असतो.

या काळात बँकेचं काउंटर मात्र चालूच असतं. म्हणून आधी पूर्ण बॅकअप पाठवायचा आणि त्यानंतरच्या व्यवहारांच्या लॉग फाइल्स क्रमाने मागून न्यायच्या. मधली एक फाइल राहिली तर पुढची एकही चढत नाही. हे नीट जमलं तर शेवटच्या रात्री फक्त एक छोटी फाइल उरते आणि बँक फार वेळ बंद ठेवावी लागत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेलीच हवी, आणि तिची की दुसऱ्या माणसाबरोबर, दुसऱ्या मार्गाने जायला हवी.

पोहोचल्यावर दोन्हीकडे फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या डेटावरून निघणारा अक्षरांचा ठसा, काढतो. चौसष्ट अक्षरांची ती ओळ मी इकडून फोनवर वाचते, तिकडचा सहकारी पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहतो. ती जुळली म्हणजे फाइल वाटेत बिघडली नाही. त्यापलीकडे तिचा काही अर्थ नाही.

कारण खरा घोटाळा पुढे होतो. आपल्याकडच्या जुन्या प्रणालींमध्ये मराठी नावं अनेकदा विशिष्ट फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत साठवलेली असतात. तो फॉन्ट नसला की ‘सावित्री’च्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. युनिकोडमधली नावं चुकीच्या प्रकारच्या रकान्यात गेली तर प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं, आणि त्या प्रश्नचिन्हांवरून मूळ नाव परत काढता येत नाही. खात्यांची संख्या जुळते, रकमांची बेरीजही जुळते. फक्त वारसाच्या रकान्यात ‘??????’ उरतं. एखादी विधवा नवऱ्याची ठेव मागायला येईपर्यंत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर नेली. तिथल्या नियामकांनी नंतर नोंदवलं की डेटा व्यवस्थित पोहोचला होता, कोसळली ती प्रणाली. लाखो लोकांना स्वतःच्या खात्यात शिरता येईना. चौकशीत दिसलं की दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच क्षमता नीट तपासली गेली होती. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, तर चार माणसांच्या संगणक विभागाने शनिवारी रात्री काम सुरू करून सोमवारी दारं उघडावीत, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून निविदेत ती एक ओळ पुरेशी नाही. प्रत्यक्ष स्थलांतराआधी संपूर्ण डेटाची किमान एक रंगीत तालीम सक्तीची करा. तिचा वेळ आणि खर्च वेगळा धरा. तपासणीवर सही कंत्राटदाराची नको, लेखा विभागाची हवी: प्रत्येक शाखेची ठेव आणि कर्जाची बेरीज जुन्या ताळेबंदाशी जुळल्याची, आणि प्रत्येक शाखेतली काही खाती, नावं, वारस, जन्मतारखा कर्मचाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिल्याची. त्या सहीशिवाय अंतिम बिल काढू नका. पहिलं वार्षिक लेखापरीक्षण पार पडेपर्यंत जुना सर्व्हर भंगारात देऊ नका, आणि प्रवासातल्या डिस्क कधी, कुणासमोर पुसल्या याची नोंद ठेवा. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे संचालक मंडळाने लक्षात घ्यावं.

यासाठी काही आठवडे जास्त लागतील आणि थोडे पैसेही. संस्थेने ते आनंदाने द्यावेत, कारण सर्व्हर संस्थेचा असला तरी त्यातली नावं आणि पैसे लोकांचे आहेत.