‘बॉयलर कुठं जगते का बे!’

भंडाऱ्यात कुठल्याही चिकनच्या दुकानासमोर उभे राहा आणि ब्रॉयलर कोंबडी पाळायची आहे म्हणून सांगून बघा. ‘बॉयलर कुठं जगते का बे!’ हेच उत्तर मिळेल. सांगणारा हसतो, ऐकणाराही हसतो. मला मात्र या वाक्याचा राग येतो. तिचं मरण जणू सटवाईनेच तिच्या कपाळी लिहिलं आहे, अशी सोयीची समजूत त्यात दडलेली आहे.

ज्या पिल्लांना आपण चाळीसेक दिवसांत दोन किलोंचं करून कापतो, त्यांचे आईबाप ब्रीडर फार्मवर वर्षाहून जास्त जगतात. रक्त तेच, फक्त त्यांना दाणा मोजून मिळतो. पोटभर दिला तर ते फोपशे होतात, अंडी घटतात, मरतुक वाढते. म्हणून धंदाच त्यांना अर्धपोटी ठेवतो. म्हणजे ही कोंबडी जगवायची कशी, हे धंद्याला पक्कं ठाऊक आहे.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७ आणि २००५ सालचे वाण एकाच खाद्यावर वाढवले. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. ५६ दिवसांत जुना वाण सुमारे ९०० ग्रॅमचा झाला, नवा ४.२ किलोंचा. मी सॉफ्टवेअरवाला आहे. एकाच आकड्यासाठी सगळी यंत्रणा ताणली की बाकीचं कसं कोलमडतं, हे आम्ही रोज बघतो. इथे तो आकडा वजनाचा आहे, आणि कोलमडतात ते पाय आणि काळीज.

माझं भांडण कळवळ्याने पाळणाऱ्यांशीही आहे. पोरांच्या हट्टापायी पिल्लू येतं आणि त्याच्यापुढे कणीची वाटी कायम भरलेली राहते. धानाच्या जिल्ह्यात कणीला काय तोटा! आपल्याकडे माया म्हणजे वाढणं. गावरान कोंबडीला ही माया पचते, कारण ती दिवसभर उकिरडा उकरत हिंडते. ब्रॉयलर वाटीपाशीच बसून राहते आणि बसल्या जागी मरते. मग पुन्हा तेच वाक्य.

पाळायचीच असेल तर दाणा मोजून द्या, तोही जरा लांब पसरून, म्हणजे ती चालेल. दर आठवड्याला वजन करा. खाली कोरडी तणस जाड अंथरा, उंच दांडीवर चढू देऊ नका. मे महिन्यात सावली आणि गार पाणी हवंच. ती भुकेने ओरडेल, तेव्हा हात आवरा. एवढं करूनही ती गावरानइतकी जगेलच, अशी हमी नाही.

हे जमणार नसेल तर पाळू नका. खायची असेल तर खा, मीही खातो. पण तिच्या मरणाचं खापर तिच्या जातीवर फोडू नका. ती जात माणसानेच घडवली आहे, किलोच्या भावाने.